तुहा किसन्या अकरा दिवस पारोसा होता

प्रिय कमल,

पाय, नावानं हाक मारली. चाळीस वर्स "आयकतं का वं" अन "दिलीपची माय" याच्यावर भागलं. आता हाक आयकू जात नाही, तं नाव लिवाच लागते. दुसरा इलाज काय?

मले पत्र लिवाची सवय नाही हे तुले मालूम हाये. चौथी पास मानूस मी. पन उद्या सकायी दिलीप अकोल्याहून गाडी घेऊन येऊन राहिला, देव न्याले. देव्हारा, अन्नपूर्णा, टाक, घंटी अन तुहा तो किसन्या, सारं नेनार हाये. अन काल सूनबाईचा फोन आला, सविताचा, तवापासून माह्या आंगाची आग होऊन राहिली. बोलाव कोनापाशी? घरात मी एकटा. म्हनून दिलीपच्या जुन्या वहीतली पानं फाडली अन बसलो ओट्यावर. मेथीले पानी देऊन आलो. आता दुपारभर रिकामाच हाओ.

सरळ सांगतो, फिरवून बोलनं मले जमत नाही. मी तुह्या किसन्यावर जयतो. आजचा नाही, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून.

तूच सांग, माहं चुकलं काय? माहेरून पोरीसंगं अन्नपूर्णा अन पितयी बाळकृष्ण देतेत, हे मलेबी मालूम होतं. साऱ्याच घरी देतेत. पन बाकीच्यायचे देव देव्हाऱ्यात गुमान बसतेत. तुहा बसला का? पह्यल्याच सकायी मी चहाची वाट पाहून राहिलो अन आतून तुहा आवाज आला, "काहून रे किसन्या, झोप लागली का नवीन घरात?" मले वाटलं, माहेरचं कोनी पोट्टं आलं संगं! जाऊन पायतो तं ताम्हनात देव, अन तू त्याच्या पाठीवर पानी टाकून राहिली.

मले इचारलं का कोनं, झोप लागली का म्हनून?

दुपारी वावरातून उन्हाचा येओ, पोटात आग पडलेली, अन तू ताटावर हात आडवा धरे. "अजी, थांबा नं जरासाक. किसन्या जेवून राहिला." आता तो काय जेवनार? भाकरीचा कोपरा तरी कदी तुटला का? एकदा म्या म्हनलं, "किती येळ जेवते वं तुहा देव? दात आले नाही काय त्याले अजून?" तू काय म्हनली? "तुमच्यासारखं बकाबका नाही खात तो." अन देव्हाऱ्याकडं पाहून हासत बसली. जसा काही तोबी हासून राहिला!

माहा तो मेंदी रंगाचा सुटर आठोते का? उंदरानं त्याची एक बाही कुरतडली. म्या म्हनलं, सांधून दे. तुनं दुसरी चांगली बाही उसवली अन त्या लोकरीची किसन्याले टोपी इनली! दोन हिवाये मी बिनबाहीच्या सुटरवर गोबीले पानी देल्लं, अन देव टोपी घालून घरात बसला. लोकं इचारत, "भाऊ, बाह्या कुठी गेल्या?" काय सांगू? देवाघरी गेल्या म्हनू?

अन दिलीपची दहावी! गणिताच्या पेपरले तुनं त्याच्या कंपासपेटीसंगं देव रुमालात गुंडायून पाठवला. नांदगावच्या सेंटरवर मास्तरनं झडती घेतली तं चिठ्ठीच्या जागी बाळकृष्ण निंगाला. मास्तर म्हने, "हे काय रे?" दिलीप म्हने, "सर, मायनं संगं पाठवला. गणितात कच्चा हाओ मी." मास्तरबी भला मानूस. त्यानं देव टेबलावर मांडला अन तीन तास ठेवला. सारे पोट्टे आधी त्याच्या पाया पडत, मंग पेपर लिवत. दिलीप पास झाला तवा पह्यला पेढा कोनाले देल्ला तुनं? किसन्याले! सायकलवर डबलसीट नेलं-आनलं म्या, बाहेर उन्हात उभा राह्यलो म्या, अन पेढा त्याले.

राग येत नव्हता असं नाही तुले त्याचा. हरबऱ्यावर अळी पडली त्या साली तुनं त्याले भिंतीकडं तोंड करून बसवलं. "बस तसाच. वावर पायता येत नाही तं भिंत पाय." मले लय बरं वाटलं तवा! पन दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी तुलेच करमलं नाही. त्याले फिरवलं, लोनी देऊन मनवलं, "चुकलं रे बाबा माहं" म्हनली. माह्यावर रुसली म्हंजे आठ आठ दिवस बोले नाही. मले कदी लोनी देऊन मनवलं का? सांग नं!

जाऊ दे. आता मुद्द्याचं लिवतो.

दिवायीच्या आधी तुह्या पोटात दुखाले लागलं. दिलीपनं अकोल्याले नेऊन दवाखान्यात भरती केलं. पित्ताच्या पिशवीत खडा हाये, काढला का झालं, म्हने. मी येतो म्हनलं तं तूच म्हनली, "नोका येऊ. तुमी नर्सायसंगं भांडसान. झेंडू तोडाचा हाये, दिवायीचा माल हाये. सविता हाये माह्यापाशी." म्या आयकलं. चाळीस वर्सात तुहं हे एकच आयकलं, अन हेच आयकाले नोको होतं.

पह्यल्या दिवशी फोन आला. आपरेशन झालेली बाई, मले वाटलं इचारीन, जेवले का? तुनं पह्यलं काय इचारलं? "अजी, देव धुतले का?"

माहं डोक्शं सनकलं. सकायपासून झेंडू तोडून कंबर मोडली होती. हातानं टाकलेली भाकर एका आंगानं कच्ची, एका आंगानं जयलेली. अन तुले देवाची पडली! म्या म्हनलं, "हो, धुतले."

नव्हते धुतले.

पह्यल्या दिवशी आठोनच नाही राह्यली, देवाशपथ. दुसऱ्या दिवशी आठोन होती. पन मुद्दामच नाही धुतले. म्हनलं, राहू दे एक दिवस बिना आंगोयीचा. मी वावरात घामानं भिजतो, हा एक दिवस पारोसा राह्यला तं झिजते काय? तिसऱ्या दिवशी मलेच शरम वाटाले लागली. देव्हाऱ्याकडं पायनंच सोडून देल्लं. त्या खोलीतून जातानी मान दुसरीकडं करून जाओ मी, जसं काही त्याचं देनं लागतो.

अन तू रोज इचारे! रोज नवंच काढे. अन्नपूर्णेखालचे तांदूय बदलले का? बदलले. फूल कोन्तं वाह्यलं? झेंडू. पिवया का केशरी? केशरी. किसन्याले झगा कोन्ता घातला? पिवया. काठाचा का साधा? काठाचा! कुठून कुठून सुचे मले, मालूम नाही. सरपंचाच्या पोरीच्या लग्नात भर पंगतीत "वरन कच्चं हाये" म्हननारा मानूस मी. अन तुले सांगून राहिलो, "आज झग्यावर बुक्क्याचा डाग पडला होता, म्या धुवून टाकला."

अकराव्या दिवशी पहिली आंगोय. नरकचतुर्दशी. सकायीच तुहा फोन आला. आवाज बारीक होता. ताप उतरून नव्हता राहिला हे मले नंतर समजलं, तवा म्या ध्यान देल्लं नाही.

"अजी, किसन्याले उटनं लावलं का?"

"लावलं."

"अन तुमच्या पाठीले कोनं लावलं?"

बाहेर टेम्पोवाला हारन वाजवून राहिला होता. झेंडूची पोती भराची राह्यली होती. म्या म्हनलं, "मले काम हाये, ठेव." अन ठेवला फोन.

कोनंच नाही लावलं, कमल. उटनं पुडीतच राह्यलं. पाठ कोरडीच होती. एवढं सांगाले किती येळ लागला असता? टेम्पो काय पयून जात होता?

संध्याकायी दिलीपचा फोन आला.

मंग मानसं, रडनं, तेरा दिवसाचं सुतक. सुतकात देवाले घरच्यायनं हात लावाचा नसते. म्हंजे माहे अकरा अन हे तेरा. चौदाव्या दिवशी सारे आपापल्या घरी गेले तवा मी देव्हाऱ्यापुढं बसलो. किसन्या काया पडला होता. आंगावर झगाबी नव्हता, उघडाच. म्या झगे सारीकडं शोधले. पेटीत, गव्हाच्या कोठीत, तुह्या साड्याईच्या घड्याईत. भेटलेच नाही. म्हनलं, बुढीनं कुठी लपवले देवाले मालूम.

चिंच लावून घासला. मंग राख लावून घासला. पान्याची कॅन धुवाचा ब्रश आनला अन त्यानंबी घासला. त्याचं नाक जरासाक झिजलं, तुले सांगून ठेवतो. तुह्यावानी बोलत बोलत धुवाचं म्हनलं, पन मले काय बोलाव समजे नाही. शेवटी म्या त्याले सांगितलं, "वांग्यावर अळी आली." तो गप. म्या म्हनलं, "तुले काय करा लागते? तू तं भिंत पाहून आलेला मानूस."

खरं सांगू? मलेच हासू आलं. महिन्याभरात पह्यल्यांदा.

आता रोजच धुतो त्याले. पन नैवेद्यापाई घरी वाट पायत बसाले मले टाइम कुठी हाये? म्या त्याले सरळ वावरात न्याले सुरू केलं. भाकरीच्या फडक्यात बांधतो, माह्या फटफटीच्या डिक्कीत टाकतो. दुपारी बांधावर मांडतो अन पह्यला तुकडा त्याच्यापुढं ठेवतो. जास्त येळ नाही. वीस मोजतो अन उचलतो. मेथी खुडनारी सुमनबाई म्हने, "भाऊजी, हे कोन आनलं?" म्या म्हनलं, "नवा मजूर हाये. काम शिकून राहिला." बाया हासून हासून मेथीत बसल्या. मले वाटलं, हे तुले सांगाव. पन सांगाव कसं? तुले सांगाचं म्हनलं तं आधी ते अकरा दिवस सांगा लागते. दोन महिने तेच सांगाचं राह्यलं. तू जातानी समजत होती, घरी देव धुतल्या जातेत, झगे बदलल्या जातेत. माह्या खोट्याच्या भरोशावर गेली तू.

अन काल सविताचा फोन आला!

"मामाजी, उद्या नाही परवा हे येतीन सकायी. देव नीट फडक्यात बांधून ठेवा. अन झगे शोधत बसू नोका, ते माह्यापाशीच हायेत."

"कोन्ते झगे?"

"किसन्याचे जी. आत्याबाईनं दवाखान्यात आनले होते नं पिशवीत, काठ लावाले. साहाच्या साहा."

म्या इचारलं, "पिवयाबी?"

तिकून हासनं आलं. "पिवया तं त्यायच्या हातातच होता मामाजी, तुमी घातला म्हनून सांगत होते तवा! फोन इस्पीकरवर होता. तुमी 'काठाचा' म्हनले अन आत्याबाईनं झगा माह्या डोयापुढं नाचवला. काठ तं त्या तवा लावूनच राह्यल्या होत्या! टाके दुखत, तरी पोट धरून हासत. बाजूच्या खाटवरची बाई रोज फोनच्या टाइमले सरकून बसे, आज बुढा काय सांगते म्हनून."

म्या इचारलं, "रागावली नाही का तुही आत्या?"

"नाही जी. म्हनल्या, 'हे मानूस मले कदी साडी चांगली दिसते म्हनूनबी खोटं नाही बोललं. अन आता पाय सविता, कसे रचून रचून सांगून राहिले.' अन म्हनल्या, 'देव तूच ने अकोल्याले. त्यायच्यानं नाही होनार.'"

म्या म्हनलं, "ने मंग! सारंच ने!" अन फोन आपटला.

काहून आपटला, ते आता इचार मले. दवाखान्यात जातानी तुनं संगं काय नेलं? किसन्याचे झगे! माहं काई नेलं का? एक रुमाल तरी? अन हासली तू! शेवटचे अकरा दिवस तू पोट धरून हासली, अन त्यातलं माह्या वाट्याले कायबी नाही आलं. सविताले भेटलं. बाजूच्या खाटवरच्या बाईले भेटलं, जिचं नाव मले मालूम नाही. अन मजाक कोनाचा होता? माहा होता!

मी अथी दोन महिने जीव जायत बसलो, अन तुले सारं मालूम होतं. एकदा तरी म्हनाचं, "अजी, झगे माह्यापाशी हायेत." मी दोन शिव्या देल्ल्या असत्या, तू हासली असती, मले आयकू आलं असतं. एवढं काहून नाही केलं वं?

थांब. कागदावर भांडून उद्याची गाडी थांबत नाही. सविताले फोन करून येतो.

आलो. जसं झालं तसं लिवतो.

म्या म्हनलं, "सविता, किसन्या मी नाही देत."

"काहून मामाजी? काल तं सारं ने म्हनले."

"काल राग आला होता. आयक. तुही आत्या जथी गेली तथी देवाची काही कमी हाये का? तेहतीस कोटी हायेत म्हनते. खरा किसन्या हाताशी हाये तिच्या, धू म्हना दिवसभर. माह्यापाशी हा एकच हाये. दोन्हीकडं तिचंच चालन का?"

मले वाटलं हासन. हासली नाही. मंग म्हनली, "मामाजी, अकरा दिवस म्या त्यायचे केस इचरले. चमच्यानं पानी पाजलं. त्यायनं किसन्या मले देल्ला. मले वाटलं, आत्याबाईचं कायतरी माह्या घरात राहीन. तुमी तोबी ठेवून घेता?"

अन रडाले लागली.

हे म्या इचारातच घेतलं नव्हतं, कमल. कालपासून मी त्या पोरीवर जयलो, तिले तू भेटली म्हनून. पन तिले तू कशी भेटली? खाटवर. नाकात नयी घातलेली. मले चाळीस वर्स हातापायानं धड भेटली, अन हिशोब मीच मांगून राहिलो. मले काही बोलताच आलं नाही. मले! सरपंचाले बोलनाऱ्याले!

मंग म्या म्हनलं, "सविता, अन्नपूर्णा तू ने. तीबी आत्याच्या माहेरचीच हाये. शेवटचा घास तुह्या हातचा खाऊन गेली ती. तुह्याच सयपाकघरात शोभन ते. देव्हाराबी ने, टाकबी ने. पन याले राहू दे. आता रोज धुतो मी त्याले. खरंच धुतो. वावरात नेतो."

"वावरात? देवाले?"

"मंग काय, बसून खाऊ देऊ?"

तवा हासली. रडत रडतच हासली. तुह्यावानीच हासते वं ती, तोंडावर पदर घेऊन, फोनवरबी समजते. हे कदी शिकवलं तुनं तिले?

ती म्हनली, "बरं, ठेवा. झगे यायच्या हाती पाठवते उद्या. तुमाले घालता येते का?"

"नाही येत."

"मंग रविवारी मी येते, शिकवते. अन रोज सकायी फोन करीन, धुतला का म्हनून. खोटं सांगाचं नाही मामाजी."

म्या म्हनलं, "नाही सांगनार."

तं असं ठरलं. तुह्या सांगन्याच्या इरुद्ध ठरलं, मालूम हाये. तू म्हनली होती, माह्यानं नाही होनार. त्याचंच मले जास्त लागलं. झगे नेले त्याचं एवढं नाही, हासली त्याचंबी नाही. देव मले नाही देल्ला, त्याचं लागलं. पन तुहं काही चुकलं असं कोन्या तोंडानं म्हनू? अकरा दिवसाचा पुरावा तुह्या हातात होता, काठासकट.

जयनं काही जानार नाही माहं. आजबी सकायी धुतानी वाटलं, चाळीस वर्स हिचं सारं बोलनं यानं आयकलं. कोन्या पोराचं दुखनं, कोन्ता राग, माह्याबद्दल काय काय सांगितलं असन, सारं यालेच मालूम. अन तोंड उघडत नाही! म्या इचारलं त्याले, "सांग नं रे, काय म्हने ती?" निस्ता लोन्याचा गोया हातात घेऊन बसला. पन रोज इचारीन. मी काही सोडनाऱ्यातला नाही.

अन तुले एक शब्द देतो. पत्रात लिवून देतो, म्हंजे मांगं फिरता येनार नाही. धुवाचा कंटाया येईन. ताप येईन, पाऊस येईन, माल भराचा राहीन. सारेच दिवस सारखे नसतेत. त्या दिवशी सविताले नाही म्हनून सांगीन, अन तिच्या आधी तुले सांगीन. अन ज्या दिवशी किसन्या पारोसा राहीन, त्या दिवशी मीबी आंगोय करनार नाही. बसू दोघंबी ओट्यावर तसेच, बिना आंगोयीचे, लोकाईले दिसन असे.

तुहा,
उत्तम